भिंतीला खिळा न मारता

आमच्या मराठी मंडळाच्या गेल्या स्नेहमेळाव्यात श्री. भालेराव यांनी ‘कारखान्यातील संगणकयुगाची पहाट’ या विषयावर भाषण केले. त्या भाषणात त्यांचे स्वतःचे आडनाव आणि भोपाळ हे शहराचे नाव, एवढेच तपशील बिनचूक होते. एरवी मी त्यावर एक अक्षरही लिहिले नसते. निवृत्त माणसाला मेळाव्यापुरते थोडे मोठे होऊ द्यावे, असे माझेही मत आहे; तीच सवलत उद्या मलाही लागणार आहे. परंतु भाषणाच्या भरात ते म्हणाले, “पांढरीपांडे आणि ती नफीसा यांची त्या एडिटरवाचून फार अडचण होत होती. मग एके दिवशी मीच हळूच त्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन टाकला. अहो, नियम शेवटी माणसांसाठीच असतात!”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी आक्षेप घेण्यासाठी उभा राहिलो, त्याच क्षणी पोहे आणि जिलबी आली. आणि भोपाळात त्यानंतर कोणतीही सभा चालत नाही. म्हणून तो आक्षेप मंडळाच्या या अंकात नोंदवतो. श्री. भालेराव यांनी मला पासवर्ड दिला नाही. मी तो घेतला नाही. नफीसाने तो डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. चौथाही एक मुद्दा आहे, परंतु तो त्याच्या जागी आलेला बरा.

ज्यांनी सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याच्या वसाहतीत आयुष्य काढलेले नाही, त्यांना आधी तेथील सृष्टिक्रम समजावून सांगितला पाहिजे. आमच्याकडे सर्व काही श्रेणीनुसार मिळत असे. क्वार्टर किती खोल्यांचे, खुर्चीला हात आहेत की नाहीत, तिच्या पाठीवर टॉवेल टाकायचा की नाही, खोलीत पाणी मारायचा कूलर असावा की नुसता पंखा, हे सारे वेतनश्रेणी ठरवत असे. माणसाला उकाडा किती होतो, हा प्रश्न त्यात येत नसे. नागपूरहून येथे रुजू झालो तेव्हा माझे ‘पांढरीपांडे’ हे आडनाव कोणत्याच रकान्यात मावेना. त्यामुळे आस्थापना विभागाने त्याचे ‘पांडे’ केले आणि मी निवृत्तीपर्यंत ‘पांडे जी’ राहिलो. कनोजकडच्या दोन सहकाऱ्यांनी तर माझ्याकडे मुलीच्या स्थळाची चौकशीही केली होती.

अशा या सृष्टीत संगणक आले. त्यांच्यावरचे अधिकार कोणाला द्यायचे, हा प्रश्न निघाला. आणि तो ज्या रीतीने टॉवेलचा प्रश्न सोडवला गेला होता त्याच रीतीने सोडवला गेला. संगणक विभागाचे प्रमुख श्री. भालेराव यांनी परिपत्रक काढले: ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार उपमहाप्रबंधक व त्यावरील अधिकाऱ्यांना, आणि अर्थातच स्वतः संगणक विभागाला. याचा परिणाम असा झाला की आमच्या उपमहाप्रबंधकांच्या संगणकाला सर्वाधिकार होते, आणि तो संगणक त्यांच्या पत्नीने शिवलेल्या फुलाफुलांच्या आच्छादनाखाली असे. दसऱ्याला त्याला कुंकू लावले जाई. त्यानंतर दिवाळीला एकदा पुसला जाई. आम्ही मात्र दिवसभर संगणकावर काम करणारे, म्हणून आम्हाला अधिकार नव्हते.

आमचे काम असे होते. विजेच्या मोठ्या मोटारीच्या पोटात पोलादाच्या पातळ पत्र्यांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याची तार बसते. या खाचा पाडणारे नवे यंत्र परदेशातून आले होते. खाच कोठे पाडायची आणि किती खोल, हे त्याला सांगणारे प्रोग्राम आमचा लहानसा कक्ष लिहीत असे. कक्ष म्हणजे मी आणि नफीसा कुरेशी. ती जुन्या शहरातून रोज बसने येई. तिची नोकरी अजून परिविक्षेवर होती, म्हणजे हजेरीपटावर नाव होते पण पायाखाली जमीन नव्हती. वर्षाअखेर साहेबांचा शेरा बरा पडला तर पक्की, नाहीतर घरी. त्या घरात पक्क्या नोकरीच्या इतक्या जवळ पोहोचलेली ती पहिलीच होती.

आता एडिटर. या अंकाचे संपादक क्षमा करोत, हा एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिण्याची पाटी. संगणकाबरोबर जी पाटी फुकट येई तिच्यात अक्षरे उमटत, यापलीकडे काही होत नसे. ओळींना क्रमांक नसत. उघडलेला कंस कोठे मिटला, ते ती सांगत नसे. प्रोग्राम तपासणारी यंत्रणा म्हणे, ‘आठशे बाराव्या ओळीत चूक आहे’, आणि आठशे बारावी ओळ कोणती हे कोणालाच ठाऊक नसे. मग नफीसा तो सारा मजकूर कागदावर छापून घेई, पट्टी लावून पेन्सिलने ओळी मोजत बसे, चूक सापडली की दुरुस्त करी, आणि त्या दुरुस्तीने पुढच्या सर्व ओळी एकेक घर खाली सरकत. पुन्हा छपाई, पुन्हा पट्टी. यंत्रावरचा ऑपरेटर दारातून डोकावून विचारी, “पांडे साहब, मशीन पूछ रही है, आज भी छुट्टी है क्या?”

चांगला एडिटर उपलब्ध होता, आणि तो कोठे होता हे महत्त्वाचे आहे. यंत्राच्या पुरवठादाराने रीतसर खरेदीत जी तबकडी दिली होती, तिच्यातच तो एका कोपऱ्यात होता. जगभरच्या प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेला आणि वापरायला सर्वांना मोकळा. ती तबकडी आमच्या तांत्रिक ग्रंथालयात होती. बाहेरून मी काहीही आणलेले नाही. तो बसवू लागलो तेव्हा संगणकाने सांगितले की यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर हवा.

मी नियमाने वागणारा माणूस आहे. माझ्याशी भांडलेले लोकही एवढे मान्य करतात. मी उचित माध्यमातून अर्ज केला. उत्तर आले की ही सुविधा आपल्या श्रेणीस अनुज्ञेय नाही. मी स्वतः श्री. भालेराव यांच्याकडे गेलो.

“भालेराव, मला अधिकार नकोत. तुमचा माणूस पाठवा, तो बसवून देईल आणि जाईल.”

“अहो पांढरीपांडे, आज तुम्हाला एडिटर दिला तर उद्या पेंट शॉपवाले मागतील.”

“पेंट शॉपमध्ये प्रोग्राम कोण लिहितो?”

“तेच म्हणतो मी. लिहीत नाहीत, तरी मागतील. तुम्हाला वसाहत ठाऊक नाही का?”

वसाहत मला ठाऊक होती. या उत्तरात काही चुकीचे नव्हते, हेच त्यातले दुःख.

येथे माझ्या पत्नीचा, शालिनीचा, प्रवेश होतो, आणि तिचीही एक आवृत्ती असल्यामुळे तिचाही निकाल लावला पाहिजे. वसाहतीच्या क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा मारण्यास बंदी होती. खिळा हवा असेल तर नगर प्रशासन विभागाकडे अर्ज, मग त्यांचा मिस्त्री, मग त्यांचाच खिळा. क्वार्टर सोडताना त्यांचा निरीक्षक प्रत्येक भिंतीवरून हात फिरवी आणि भोक सापडले की त्यात बोट घालून आपल्याकडे बघे. त्यामुळे आमच्या सर्वांच्या घरी कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेले असे आणि आजोबांचा फोटो कपाटावर टेकून उभा असे. शालिनीला पितळी डब्यांसाठी फळ्या हव्या होत्या. तिने मंडीदीपच्या कारखान्यांतून येणाऱ्या खोक्यांचे लाकूड मिळवले आणि सुताराकडून जमिनीपासून छतापर्यंत स्वतःच्या पायांवर उभी राहणारी मांडणी करून घेतली. मी घरी येऊन अर्जाची हकिगत चिडून सांगत होतो. ती डबे लावत होती.

“हे परवानगीशिवाय केलंस?” मी विचारले.

“परवानगी खिळ्याला लागते,” ती म्हणाली. “उभं राहायला कुठे लागते?”

शालिनीचे म्हणणे असे की एडिटरची कल्पना तिचीच. हे अर्धसत्य आहे. मांडणीची कल्पना तिची, एडिटरची माझी. मधल्या वाक्यावर आमचा वाद आजही चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी ती तबकडी नीट पाहिली. संगणक ॲडमिनिस्ट्रेटर का मागतो? एडिटर बसवणारा प्रोग्राम दोन ठिकाणी खिळे मारतो म्हणून: सर्वांच्या सामायिक जागेत स्वतःच्या फायली ठेवतो, आणि संगणकाच्या मुख्य नोंदणीत स्वतःचे नाव घालतो. परंतु त्याच तबकडीवर, त्या प्रोग्रामच्या शेजारी, तोच एडिटर नुसता बांधलेल्या गाठोड्याच्या रूपातही होता. ते गाठोडे मी माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये सोडले. माझ्या फोल्डरमध्ये काय ठेवावे याचा अधिकार माझ्या श्रेणीस होता. त्यातल्या मुख्य फायलीवर दोनदा टिचकी मारली आणि एडिटर उघडला. कोणाला विचारले नाही, कोणी अडवले नाही.

यात पराक्रम नाही, हे मीच सांगतो. पराक्रम पुढे होता. नुसते नाव टाइप केले की संगणकाला एडिटर सापडला पाहिजे, यासाठी संगणक कोणत्या फोल्डरांत शोधायचे याची एक यादी ठेवतो. मुख्य यादीला कुलूप होते. मात्र प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची छोटी यादीही असते. वसाहतीच्या फाटकावरील फलकावर आपले नाव लावता येत नाही, पण स्वतःच्या दारावर पाटी लावायला कोण अडवणार? ती पाटी मी लावली. एडिटरच्या आवडीनिवडी ज्या फायलीत असतात ती तो सामायिक जागेत शोधत होता. त्याला माझ्या फोल्डरचा पत्ता दिला. शेवटी अशी जोडणी केली की एक कळ दाबली की प्रोग्राम तपासला जावा, आणि चूक असेल तर एडिटरने स्वतः त्या ओळीवर जाऊन थांबावे. हे करायला मला बरेच दिवस लागले, कारण वाट दाखवणारे कोणी नव्हते आणि आमच्या कक्षाला इंटरनेट अनुज्ञेय नव्हते.

मग नफीसाच्या फोल्डरमध्ये तिच्याच हाताने हे सारे उभे करवून घेतले. तिने आपला तो लांबलचक प्रोग्राम उघडला, कळ दाबली. पडद्यावरचा ठिपका सर्रकन खाली गेला आणि एका ओळीवर लुकलुकत राहिला. तेथे एक कंस मिटायचा राहिला होता.

“सर!” ती ओरडली. “ये तो ख़ुद जाकर खड़ा हो गया!”

तिने पट्टी उचलली, खणात ठेवली आणि खण बंद केला. त्यानंतर काही महिने यंत्राला सुटी मिळाली नाही. पत्रा वाया जाणे थांबले नाही, पण आमच्या चुकीने जाणे जवळजवळ थांबले.

घात झाला तो रंगांनी. या एडिटरमध्ये आज्ञा निळ्या, आकडे लाल आणि टिपा हिरव्या दिसत. कंस, शब्द, आकडे चटकन वेगळे ओळखू यावेत, एवढाच त्याचा हेतू. एके दुपारी श्री. भालेराव आमच्या कक्षावरून जात असताना त्यांना परिविक्षेवरील अभियंत्याच्या पडद्यावर रंगीत अक्षरे दिसली. त्यांचा संपूर्ण तर्क पुढीलप्रमाणे होता: या श्रेणीला साधी अक्षरे, ही अक्षरे रंगीत, त्या अर्थी हिला वरच्या श्रेणीचे अधिकार मिळाले आहेत, ते कोणी दिलेले नाहीत, म्हणून पासवर्ड चोरीला गेला आहे. टॉवेल दिसला की साहेब ओळखायचा, अशा आमच्या मुलुखात हा तर्क कोणालाही खटकला नाही. सायंकाळपर्यंत दक्षता विभागाकडे तक्रार गेली होती.

चौकशी दक्षता विभागाच्या तिवारीजींकडे आली. परंतु त्याआधी श्री. भालेराव यांनी नफीसाला बोलावून घेतले. ज्या औदार्याचे गोडवे मंडळाने ऐकले, ते औदार्य या खोलीत कोणत्या रूपात होते, ते वाचकांनी पाहावे. ती तेथून थेट माझ्याकडे आली आणि मला तिने शब्दशः सांगितले.

“बेटा, एक लाइन लिख दो,” ते तिला म्हणाले होते, “कि पासवर्ड पांडे जी ने दिया. तुम्हारा कन्फ़र्मेशन हो जाएगा. उनका क्या है, वो तो रिटायर होने वाले हैं.”

“और तुमने क्या कहा?” मी विचारले.

“मैंने कहा, सर, जो चीज़ मुझे मिली ही नहीं, उसके देने वाले का नाम कैसे लिख दूँ?”

मी तिला बसायला खुर्ची दिली. मग म्हणालो, “लिख भी दोगी तो मेरा कुछ नहीं बिगड़ेगा, नफीसा. तुम अपनी नौकरी देखो.”

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मीच तिचा गुन्हेगार. “वाह सर. आप जाएँगे घर, मैं पक्की हो जाऊँगी झूठ पर, और मशीन का प्रोग्राम कौन जाँचेगा? भालेराव जी?”

तिने आपल्या जबाबात एकच वाक्य लिहिले. मला कोणीही कोणताही पासवर्ड दिलेला नाही आणि मी तो वापरलेला नाही. खाली सही केली. तिची नोकरी त्या दिवसापासून त्या वाक्यावर उभी होती.

चौकशी आमच्याच कक्षात झाली. तिवारीजी हे शांत, जाडजूड गृहस्थ. संगणकाविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते आणि ते तसे सांगत. अधिकाऱ्याच्या ठायी हा गुण मी नंतर फारसा पाहिला नाही. त्यांनी आधी मला विचारले, मग तिला. मग ते श्री. भालेराव यांच्याकडे वळले.

“भालेराव जी, आप ज़रा पासवर्ड डालिए इस कम्प्यूटर में. देखें तो सही कि चोर ने अंदर जाकर किया क्या है.”

मागणी अगदी रास्त होती. श्री. भालेराव खुर्चीत बसले. बाही सावरली. पासवर्ड आम्हाला दिसू नये म्हणून डाव्या हाताने कळफलक झाकून उजव्या हाताने टाइप केला. संगणकाने तो नाकारला.

“कॅप्स लॉक असेल,” ते मराठीत माझ्याकडे पाहून म्हणाले.

पुन्हा टाइप केला. पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला संगणकाने त्यांना नुसते नाकारले नाही, तर ते खातेच कुलूपबंद केले आणि ‘आपल्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा’ असा सल्ला दिला. खोलीतले सगळे श्री. भालेराव यांच्याकडे पाहू लागले, कारण संपर्क साधायचा तो त्यांच्याशीच.

तिवारीजींनी सावकाश चष्मा काढला. “पिछली बार आपने कब डाला था?”

“मैंने… असं आहे की… वो कंपनी का इंजीनियर सिस्टम लगाकर गया था. कुछ काम पड़े तो हम उसे फ़ोन कर लेते हैं.”

“वो कहाँ है?”

“बेंगलूर.”

“मतलब जिस चीज़ की चोरी की आपने रिपोर्ट लिखाई है,” तिवारीजी एकेक शब्द मांडत म्हणाले, “वो आपके पास थी ही नहीं?”

हाच माझा चौथा मुद्दा. जे आपल्याजवळ नाही ते चोरीला जात नाही, हे तिवारीजींनी त्या दिवशी सिद्ध केले. जे आपल्याजवळ नाही ते औदार्याने देताही येत नाही, एवढी त्यात माझी भर.

तरीही तिवारीजींचे समाधान झाले नव्हते. पासवर्डशिवाय हे झाले कसे? नफीसा म्हणाली, “सर, आपके कम्प्यूटर पर करके दिखाऊँ? आपके ही नाम से?” आम्ही सारे मिरवणुकीने दक्षता विभागात गेलो. तिवारीजींची श्रेणीही आमच्यासारखीच अधिकारहीन होती. तिने त्यांच्या फोल्डरमध्ये गाठोडे सोडले, त्यांच्या दारावर पाटी लावली, आणि रंगीत अक्षरे उमटली. मग तिने तो एकच फोल्डर आणि ती पाटी पुसून दाखवली. संगणक पूर्वी होता तसा.

“तिवारीजी,” मी म्हणालो, “आता भिंतीवरून हात फिरवा. खिळ्याचे भोक दाखवा.”

मी हे मराठीतच बोललो होतो. तिवारीजीही वसाहतीतच राहत. ‘खिळा’ त्यांना कळला नसेल, पण माझा भिंतीवर फिरणारा हात त्यांना पुरेपूर कळला. ते हसता हसता खुर्चीत मागे रेलले.

नफीसा पक्की झाली. कोणावरही दोष ठेवला गेला नाही; आमच्याकडे दोषालाही श्रेणी लागे. मात्र पंधरवड्यात श्री. भालेराव यांचे नवे परिपत्रक आले: यापुढे संगणकाच्या पडद्यावरील रंगीत अक्षरे केवळ उपप्रबंधक व त्यावरील अधिकाऱ्यांस अनुज्ञेय राहतील. आम्ही आज्ञा पाळली. एडिटरमध्ये रंग बंद करायची एक ओळ होती, ती लिहिली. ठिपका काळ्या-पांढऱ्यातही चुकीच्या ओळीवर जाऊन तितक्याच इमानाने उभा राहत असे.

मी निवृत्त झालो तेव्हा नगर प्रशासनाच्या निरीक्षकाने क्वार्टरच्या सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि विचारले, “साहब, आप लोग यहाँ रहते भी थे?” शालिनीला तो आयुष्यातला सर्वोच्च गौरव वाटला. त्याच दिवशी कारखान्यात माझे खाते बंद झाले. खात्याबरोबर फोल्डर गेला, फोल्डरबरोबर एडिटर. कोठे ओरखडा नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता. आता मिसरोदच्या या घरात बसून वाटते की एखादे लहानसे भोक राहू द्यायला हवे होते. निशाण ठेवले नाही, म्हणूनच तर आज कोणीही उठून त्या भिंतीवर आपली तसबीर टांगू शकतो.

मेळाव्यानंतर नफीसाचा फोन आला. आज ती त्याच कारखान्याच्या संगणक विभागाची प्रमुख आहे. भाषण कोणीतरी तिच्या तरुण सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवले होते आणि ते तिला कौतुकाने म्हणत होते, मॅडम, भालेराव सरांनी तुम्हाला किती सांभाळून घेतले!

“सर, वो समझते हैं तारीफ़ कर रहे हैं,” ती म्हणाली. “पर मैंने तो दस्तख़त किए थे कि किसी ने नहीं दिया. अगर उन्होंने दिया था, तो मैं झूठी हुई न? आप लिखिए.”

लिहितो म्हणालो. मग सहज विचारले, “अब तो सारे अधिकार तुम्हारे पास हैं. एडिटर ठीक से लगवा लिया?”

“लगा हुआ है सर. वहीं, अपने फ़ोल्डर में. उसी दिन से.”

म्हणजे पुरावा आहे. नव्या संगणकांवर तिने तो दरवेळी तसाच उचलून नेला आहे. भिंत तिच्या ताब्यात आल्यावरही तिने खिळा मारलेला नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी जाऊन पाहावे. श्री. भालेराव यांनी तर अवश्य जावे. फक्त आत पाहायचे तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागेल. तो आता खरोखरच कोणाकडे तरी आहे, आणि ती तो कोणालाही देत नाही.